साध्या पाण्याची ओळ

ओळखीची अखिला तिच्या पापनाशम गावच्या मैत्रिणींना घेऊन सकाळच्या बसने येणार होती. टोमॅटोच्या मुळांवर गाठी धरवणारा सूत्रकृमी झेंडूच्या अर्काने आवरतो, हे मी त्यांना झाडं उपटून दाखवणार होते. वर्षभर हसल्या होत्या मला. "अक्काचं कषाय," म्हणायच्या, म्हणजे अक्काचा काढा.

म्हणून वाफ्यात दोन ओळी केल्या. एकीला झेंडू नि कडुलिंबाचा पाला भिजवून गाळलेलं पाणी, दुसरीला साधं. साध्या ओळीची मुळं गाठाळली तरच माझ्या ओळीला अर्थ.

त्या यायच्या आधी एकेक झाड उपटून पाहिलं. माझ्या ओळीचं मूळ पांढरंशुभ्र. जीव सुपाएवढा झाला. मग साध्या ओळीतलं उपटलं. तेही पांढरंशुभ्र. गेल्या वर्षी याच वाफ्यात मुळं आल्याच्या गड्ड्यांसारखी फुगली होती. माती उकरली. एक गांडूळ दिसेल तर शपथ.

काही सुचेना, तसा एक टोमॅटो तोडून तोंडाला लावला. पंपाकडून आमचे हे, हरिप्रसाद, धावत आले आणि माझा हातच झटकला.

"खाऊ नको! अजून आठवडा तरी नको!"

"दुकानातलं दाणेदार विषारी औषध घातलंत?"

त्यांनी मान डोलावली. "अग, झाडं माना टाकायला लागली होती. बायकांपुढं तुझं हसं झालं असतं."

"आणि साध्या ओळीला कशाला?"

"तीही बिचारी वाळत होती."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. रोज मी बादली उचलली की हेच फाटक उघडून धरायचे. "वास सुटला कषायाचा," म्हणून चिडवायचे. त्या बादलीने आता काहीच ठरणार नाही, हे ठाऊक असून.

"माझ्यावर विश्वास नव्हता, तर तसं म्हणायचं होतं."

"तुझ्यावर होता ग. झाडांवर नव्हता."

फाटक वाजलं. अखिला पुढे, बाकीच्या मागे. "अक्का, किती लाल!" म्हणत तिने एक तोडला, पदराला पुसला.

"थांब," मी म्हटलं. "आधी यांना विचार."

मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुळांकडे.

"खाऊ नका, अम्मा," ते शेवटी अखिलाला म्हणाले.

"का हो?"

या वाफ्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आजवर मीच दिलं होतं. या वेळी दिलं नाही.