घेवड्याचा खांब

“उपटा तो खांब काकू, नाहीतर मी उपटतो!” जयंत ओरडला तशी इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या त्या गारठलेल्या रानातली माणसं वळून बघायला लागली.

रान कसलं, कौन्सिलनं कसायला दिलेला एवढासा पट्टा! माती अशी चिवट, की उन्हाळ्यात दगड आणि हिवाळ्यात चिखल. रंभाबाईनं सात वर्षं शेणखत नि पालापाचोळा कालवून तिला वळणावर आणलं होतं. लेकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात म्हातारीचा जीव गुदमरायचा. इथं आली की ती माणसात यायची. शेजारचा पट्टा पुण्याच्या जयंतचा. इकडची मेथी तिकडं, तिकडची कोथिंबीर इकडं, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं.

पण आज एक जानेवारी. १८१८ साली ह्याच दिवशी कोरेगाव भीमाला कंपनीच्या पलटणीतले महार शिपाई पेशव्यांच्या फौजेपुढं हटले नव्हते. रंभाबाईच्या माहेरची माणसं दर साली तिथल्या जयस्तंभाला मानवंदना द्यायची. इतकी वर्षं तिनं फ्लॅटातच हात जोडले. औंदा म्हणाली, आपली माती हाय की! पट्ट्यात खांब रोवला, निळं फडकं बांधलं नि कडक सलाम ठोकला.

“इंग्रजांसाठी लढले, त्याचा कसला उत्सव?” जयंत म्हणाला.

“ज्या राज्यात आमच्या सावलीचा इटाळ व्हायचा, त्ये बुडालं त्याचा!”

“दोनशे वर्षांपूर्वीचं उकरून काढायचं कशाला?”

“मग तुमाला आज का झोंबलं?”

जयंतनं लाथ घातली. खांब आडवा झाला, निळं फडकं चिखलात गेलं. रंभाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. हातातलं फावडं तिनं त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला, पण पडता पडता तिचं मनगट धरून तिलाही खाली ओढलं. म्हातारीचं तोंड गोठलेल्या ढेकळावर आपटलं, दात पडला. ती रक्त थुंकत उठली आणि दुसरा तडाखा त्याच्या कपाळावर बसला. गोऱ्यांनी धावत येऊन सोडवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी मुडदाच पडला असता.

चार दिवसांनी पट्ट्यांची कमिटी बसली. मारामारी केली की पट्टा गेला, असा नियम. गेटावरच लेक इंद्रजितनं बजावलं, “आई, तू गप्प बस. मी मॅनेज करतो.”

म्हाताऱ्या चेअरमननं विचारलं, खांब कशाचा होता?

“बीन्सचा,” इंद्रजित म्हणाला. “वेल चढवायला.”

चेअरमननं जयंतकडं बघितलं. कपाळावर सात टाके घेऊन बसलेला जयंतही खालमानेनं बोलला, “हो, बीन्सचाच. मिसअंडरस्टँडिंग झालं.” गोऱ्यापुढं जातीचं उघडं करायची लाज दोघांनाही सारखीच! चेअरमनही खूश झाला. एक सॉरी म्हणा, पट्टा तुमचाच राहील, म्हणाला.

बीन्स म्हणजे घेवडा, हे रंभाबाईला चांगलं ठाऊक होतं. ती ताडकन उठली.

“नो बीन्स! वॉर! माय पीपल, वॉर! आय हिट हिम. नो सॉरी!”

पट्टा गेला. म्हातारी गेटाबाहेर आली आणि ढसाढसा रडली. सात वर्षांची माती होती, रडू येणारच.

“एक खोटं, आई,” इंद्रजित वैतागून म्हणाला. “फक्त एक खोटं बोलायचं होतं, जमीन राहिली असती.”

रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“आपल्या वाडवडलांनाबी ह्येच सांगत हुते, लेका. गप ऱ्हावा, भाकर मिळंल.”