खेकड्याचं दर्शन

सिंगापूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं २००६ साली ब्रदर मुकुलना पुण्याहून प्रवचनासाठी बोलावलं आणि ते उतरले सरोजिनीच्या ईस्ट कोस्टच्या फ्लॅटमध्ये. दोन दिवसांचा पाहुणा, पण सोफ्यावर असा ऐसपैस बसला की हलायचं नाव नाही. प्रबोध, तिचा नवरा, रॅफल्स प्लेसच्या बँकेत साहेबांशी तावातावानं भांडणारा माणूस, पण प्रवचनकार दिसला की पार विरघळायचा.

तेवढं तिनं चालवून घेतलं असतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रदरनी तिच्या लेकीच्या, गार्गीच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, की मुलगी बरी झाली, आता गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. गार्गीला फिट यायच्या. एकदा एमआरटी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवरच पोर कोसळली होती. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकही फिट नव्हती. आणि प्रबोधनं काय करावं? गोळ्या कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात टाकली. देवाच्या माणसाला दुखवायचं कसं, म्हणाला. सरोजिनी दिवसभर धुमसत राहिली. गार्गीची पुढची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची होती.

संध्याकाळच्या प्रार्थनेत ब्रदरनी डोळे मिटले, आवाज थरथरवला. आत्मा दाखवतोय म्हणाले, या घरात मेज मांडलंय आणि त्यावर लालभडक चिली क्रॅब आहे. प्रबोध आमेन म्हणून तडक खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला पळाला.

सरोजिनीला तिथल्या तिथे वडील आठवले. ते संगमनेरच्या चर्चचे पाळक. जेवताना प्रेषितांच्या मागून आलेल्या पिढीतल्या लेखकांबद्दल सांगायचे. त्या बिचाऱ्यांनाही असल्या फिरत्या पाहुण्यांचा जाच होता, म्हणून त्यांनी नियमच लिहून ठेवले. देवाचा निरोप आणणारा संदेष्टा तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. आत्म्याच्या नावानं जेवण मागवून स्वतःच खाल्लं, तरी खोटा. निघताना त्याला वाटेपुरती भाकरी द्यावी, बस्स. लहानपणी ती हे ऐकून पोट धरून हसायची.

पार्सल आलं, सोबत तळलेले पाव. ब्रदरनी नांगी फोडली आणि मिटक्या मारत चोखली. सरोजिनी उठली.

"ब्रदर, तुमची बॅग भरते. आज दुसरीकडे सोय बघा."

प्रबोध ओरडला, तोंड सांभाळ म्हणाला. तिनं उभ्या उभ्या सगळे नियम ऐकवले. ब्रदर हसले, ते काही पवित्र शास्त्र नव्हे, म्हणाले.

"नसू दे. पण तुमच्यासारख्यांना त्यांनी बरोबर ओळखलं होतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "किल्ली दे."

मंडळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं प्रबोध पुटपुटला.

"नाही राहिली तर नाही. पोर पडली तर धरायला हे येणार आहेत का?"

गार्गी एरवी आईबापांना इंग्रजीतच उत्तर द्यायची. ती पाण्याचा ग्लास घेऊन बापासमोर उभी राहिली.

"मला परत पडायचं नाहीये, पप्पा."

प्रबोधनं तिच्याकडे पाहिलं. खिशात हात घातला. किल्ली टेबलावर ठेवली.

टॅक्सी आली. सरोजिनीनं पाव पिशवीत भरून ब्रदरच्या हातात दिले. त्यांची नजर टेबलाकडे गेली.

"वाटेपुरती भाकरी दिलीय," ती म्हणाली. "खेकडा इथेच राहील."

दार लागलं. गार्गीनं गोळी गिळली, आणि उरलेली नांगी स्वतःच्या ताटात ओढली.