ब्याडगीचं पोतं

मला शिंक येत न्हाय. फुशारकी न्हाय ही, खरंच येत न्हाय. बावीस वर्सं मिरची कांडायचा डंख चालवतीया मी. लोखंडी मुसळं दणादणा आपटत्यात, खकाणा उडतोय, आणि चटणी करून न्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून रस्त्यापतोर पळत्यात. मी आपली मधी उभी, चहा पीत. एकदा एक पावणं म्हणालं, "बाई, नाक हाय की न्हाय तुम्हाला?" मी म्हटलं, "पावणं, माझं नाक जाग्यावर हाय, तुम्ही तुमचा डबा तेवढा नीट धरा."

ह्या नाकाचा मला लई माज होता. त्या माजापायीच सगळं झालं. घरात कुणाला सांगितलेलं न्हाय, तुम्हाला सांगते.

माझं नाव संयोगिता. लग्न झालं, टिकलं न्हाय, म्हागारी आले. घरात धाकटा भाऊ विश्वजित, त्याची बायको स्वप्नाली आणि त्यांची आठ वर्साची इरावती. स्वप्नाली शाहूपुरीत हापिसात जाती, भाऊ सदा फिरतीवर, म्हणून इरा माझ्याच मांडीवर वाढली. मला आत्ती म्हणती. मला पोटचं लेकरू न्हाय, पण इरा असताना ते कधी टोचलं न्हाय. घर गल्लीच्या ह्या अंगाला, डंख समोरच्या अंगाला. मधी आठ-धा पावलांचा रस्ता.

आदल्या गणपतीत इरानं कुठनं तरी मांजराचं पिल्लू उचलून आणलं. पांढरं, पाठीवर पिवळं ठिपकं. नाव ठेवलं कवडी. पोत्यांच्या खोलीत उंदरांनी नुसता धुमाकूळ घातलेला, म्हणून मी बी राहू दिलं. दिवेलागणीला डंख बंद केला की कवडी रस्ता ओलांडून घरी यायची. आधी इराच्या डाव्या नडगीला अंग घासायची, मग मांडीवर चढायची. रोज, न चुकता. घड्याळ बघायची गरजच न्हाय.

फाल्गुनात चटणीचा हंगाम सुरू झाला आणि इरा शिंकायला लागली. एका दमात धा-धा, पंधरा-पंधरा. नाकातनं पाणी, डोळं चोळून चोळून लाल, हातावर, नडगीवर गांधी उठल्याल्या. ती शिंकली की मी म्हणायची, "शंभर वर्साची हो!" आमची आई म्हणायची तसं, सवयच ती. इरा नाक पुसत हसायची, "आत्ती, आज मी दोन हजार वर्साची झाले."

आता डंखवाल्याच्या घरातलं पोर शिंकतंय म्हटल्यावर दुसरं काय डोस्क्यात येणार? मिरचीच. आम्ही रस्त्याकडच्या खिडक्या लावून टाकल्या, फटीत फडकी कोंबली. इराला माडीवरच्या खोलीत ठेवलं, आणि एकटीला करमायचं न्हाय म्हणून सोबतीला कवडीला आत सोडून दार ओढून घेतलं. बघा आमची अक्कल! मिरचीपासनं वाचवायला पोरीला मांजरासंगं कोंडलं. पंधरा दिवसांत तिच्या छातीतनं शिट्टी वाजायला लागली. बोलता बोलता थांबायची आणि खांदे वर उचलून श्वास ओढायची. मला बघवायचं न्हाय.

डॉक्टरांनी तिच्या हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येक थेंबात सुई टोचली. धूळ, झुरळ, गवत, मांजर. बाकीचे थेंब तसेच राहिले. मांजराच्या थेंबाखाली रुपयाएवढी गांध उठली. डॉक्टर म्हणाले, "मिरचीनं ठसका लागतो बाई, पण हा दमा मांजराचा आहे. नुसत्या केसांचं नाही. मांजर अंग चाटतं, ती थुंकी वाळते आणि कोंड्याबरोबर हवेत उडते. मांजर घरात नको. पुढचा झटका मोठा आला तर जिवावर बेतेल."

जिवावर म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवसाची वाट बघितली न्हाय. शाहूवाडीकडं आमच्या नात्यातला आकाराम हाय, भाताची शेती हाय त्याची. त्याला फोन केला, तो म्हणाला, "आणून सोड की आक्का, घुशींनी खळं पोखरलंय." इरा रडली, पण ऐकली. कवडीच्या डोक्यावरनं लांबनंच हात फिरवल्यासारखं केलं तिनं.

आमच्याकडं मांजर लांब सोडायचं म्हणजे पोत्यात घालून न्यायचं. वाट दिसली की ते म्हागारी येतंय. मी एक रिकामं पोतं घेतलं, ब्याडगी मिरचीचं. दोन वेळा झटकलं. वास घेऊन बघितला, काय न्हाय. मला कसला वास येणार, कप्पाळ! कवडीला आत घातलं, तोंड सुतळीनं आवळलं, वाट चुकावी म्हणून जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या आणि पोतं गाडीवर पायाशी ठेवलं.

शिवाजी पूल ओलांडला आणि पोत्यातनं शिंक आली. बारीकशी, लेकरावाणी. सवयीनं माझ्या तोंडातनं गेलं, "शंभर वर्साची हो!" आणि माझं मलाच हसू आलं. पुढं केर्लीपतोर ती शिंकतच होती. मग शिंका थांबल्या. मी म्हटलं, झोपली असंल.

केर्लीच्या पुढं गाडी थांबवली, पाणी पाजावं म्हणून सुतळी सोडली. कवडी गेलती. डोळं लालभडक, नाकातोंडाला लाल फेस. शिवणीत अडकलेली सगळी मिरची तिनं श्वासाबरुबर आत ओढलेली. ऊसाच्या बांधाला खड्डा काढून पोत्यासकट पुरली. आकारामला फोन करून सांगितलं, वाटंत उडी मारून पळाली. घरी सांगितलं, आकारामकडं दिली, झ्याक हाय. इरानं इचारलं, "रडली काय गं?" मी म्हटलं, "न्हाय बाळा, गुमान गेली."

डॉक्टरांनी सांगितलंच होतं की मांजर गेलं तरी त्याचा कोंडा चार-सहा म्हैनं घरात राहतोय. म्हणून मी गाद्या बदलल्या, पडदं जाळलं, भिंतींना रंग दिला, फरशी रोज गरम पाण्यानं पुसली. इरा दिवसभर बरी असायची. दिवेलागण झाली, मी डंख बंद करून घरात पाऊल टाकलं, की तिच्या डाव्या नडगीवर गांधी उठायच्या. एकाच पट्ट्यात, घोट्याच्या वरपासनं गुडघ्यापतोर. मग शिंका, मग शिट्टी. मी हात लावून बघायची, तो पट्टा गरम असायचा. विश्वजित म्हणायचा, "आक्का, कोंडा राहिलाय कुठंतरी." मी परत फरशी पुसायची.

श्रावणात एका दुपारी मी घरात असतानाच तिला धाप लागली, म्हणून तिच्या तोंडाला वाफेचं मास्क लावलेलं. डोळं मिटून पडली होती. मास्कच्या आतनं म्हणाली, "आत्ती, कवडी शिंकतीया."

मी म्हटलं, "आगं, ती शाहूवाडीत हाय."

"न्हाय गं. हितंच हाय. लई शिंकतीया. डोळं लाल झाल्यात तिचं, पुस की."

त्या पोत्यातलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुण्णालाच.

दिवाळीला स्वप्नाली भाऊबीजेसाठी इराला घेऊन इचलकरंजीला माहेरी गेली. आठ दिवस रोज फोन यायचा. "वन्सं, एक शिंक न्हाय. श्वासाचा पंप पिशवीतनं काढलेला न्हाय. काल दिवसभर पोरांच्यात पळत होती." मला इतका आनंद झाला की मी साखर आणून आख्ख्या गल्लीत वाटली. म्हटलं, घरातच दोष हाय, घर बदलू. डंख इकू, पण घर बदलू.

नवव्या दिवशी त्यांना आणायला मी गेले. डोक्यावरनं न्हाले. अंगावर नवी साडी, दुकानातनं आणल्यापासनं घडी मोडलेली नव्हती. चप्पल बी नवी. डंखावर गेलेच न्हाय. आमच्या घरातली एक वस्तू बरुबर नेली न्हाय. संध्याकाळी पोचले. तिथं लूम खडखडत होते, तरी इराची हाक लांबनं ऐकू आली. पळत आली आणि मी बसल्या बसल्या माझ्या मांडीवर चढली. लेकराचं ते वजन! आठ दिवसांनी माझ्या जिवात जीव आला.

बाहेर दिवं लागलं. इरा बोलता बोलता गप झाली. डावा पाय चोळायला लागली. मी फ्रॉक वर करून बघितलं, घोट्यापासनं गुडघ्यापतोर गांधीचा पट्टा. मग एक शिंक, दुसरी, आणि तिसरीनंतर श्वासच आत जाईना. ओठ निळं पडलं. स्वप्नालीचा भाऊ तिला उचलून पळाला, गल्लीच्या तोंडाला दवाखाना होता म्हणून बरं. नर्सनं वाफ लावली, इंजेक्शन दिलं. मी कॉटजवळ गेले की छातीतली शिट्टी वाढायची, दारात उभी राहिले की कमी व्हायची. तीनदा करून बघितलं मी. चौथ्यांदा बघायची छाती झाली न्हाय.

इरानं मास्क बाजूला केलं आणि माझ्याकडं न्हाय, माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "आत्ती, कवडी तुझ्याबरुबर आली व्हय?"

तवा मला कळलं. घरात काय नव्हतं. गाद्यांत, पडद्यांत, भिंतीत काय नव्हतं. जे होतं ते माझ्या अंगाला होतं. मीच तिला पोत्यात घातलं, आणि ती गुदमरून मरत असताना मीच तिला म्हटलं, शंभर वर्साची हो. आमच्या आईच्या तोंडचा आशीर्वाद तो, कधी वाया गेलेला न्हाय. ती माझ्याकडं न्हाय राहणार तर कुणाकडं?

डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणंल, कपड्यांवरनं कोंडा आला. म्हणूदे. मी वाद घातला न्हाय. कोल्हापुरात आल्या आल्या माझं अंथरूण समोर डंखाच्या मागल्या खोलीत टाकलं. विश्वजित लई भांडला. "आक्का, लोकं काय म्हणतील? बहिणीला घराबाहीर काढली म्हणतील!" मी म्हटलं, "हंगामाची तयारी हाय, मला हितंच सोयीचं पडतंय. जास्त बोलू नगंस." स्वप्नाली ताट आणून उंबऱ्यावर ठेवती. इराला रस्ता ओलांडायला बंदी. ह्या घटकेला तीन म्हैनं झालं, पोरीनं पंप हातात धरलेला न्हाय. शाळेत पळायच्या शर्यतीत दुसरी आली. बक्षिसाचा कप तिनं मला लांबनं दाखवला. मी टाळ्या वाजवल्या, मग आत जाऊन पोत्यांवर पडून ढसाढसा रडले.

रोज दिवेलागणीला मी डंख बंद करते आणि पायरीवर बसते. समोरच्या पायरीवर इरा पाटी-पुस्तक घेऊन बसती. आम्ही रस्त्यावरनं मोठ्यानं बोलतो, गल्लीतल्या लोकांना आमची सगळी खबर असती. मग माझ्या नडगीला काहीतरी घासून जातंय. मग मांडीवर ऊब येती आणि वजन पडतंय, फार न्हाय, किलो-दोन किलोचं. मी खाली बघत न्हाय. दुधाची वाटी ठेवते, सकाळी ती तशीच भरलेली असती, वर लाल तवंग आलेला. मिरचीचा डंख हाय, खकाणा पडणारच, असं मी म्हणते.

काल इरा पाढे म्हणत होती. सतराचा पाढा अडला आणि ती थांबली, तेवढ्यात माझ्या मांडीवरनं शिंक आली. बारीकशी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, सवयीनं परत ते शब्द जाऊ नयेत म्हणून.

इरानं मान वर केली. "आत्ती! तू शिंकलीस?"

आता पोरीला काय सांगू? मी म्हटलं, "व्हय गं बाळा. मीच शिंकले."

ती उठून उभी राहिली. हसली. जन्मात पहिल्यांदा तिला संधी मिळाली होती. दोन्ही हात तोंडाशी धरून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "शंभर वर्साची हो!"

मांडीवरचं वजन जरा हललं, पाय दुमडून नीट बसलं. मी इराला हात केला आणि म्हटलं, "आत जा आता, आणि दार लावून घे."