खुर्चीवरची उशी

हिशेब विभागातल्या ताईंच्या खुर्चीला वर्षभर एक गुलाबी उशी बांधलेली होती. ऑफिसच्या डोंगरसहलीतून जो अर्ध्यातून परत फिरेल, त्याच्या खुर्चीला ती उशी, अशी तिथली रीत. ही टूम काढली होती गोदामप्रमुखांनी. त्यांना सगळे कप्तान म्हणत. ताई हसण्यावारी नेत, पण त्या उशीला कधी टेकून बसल्या नाहीत.

यंदा मंडळी डोंगराच्या धारेवर पोचली तेव्हा धुकं दाटलं होतं आणि खडक ओला होता. दोन्ही बाजूंना दरी. हातापायांनी एकेक खाच चाचपत पुढे सरकायचं. सगळ्यांत पुढे असलेले कप्तान पार थकले होते. बोटं बधिर झाली होती, गुडघा लटपटत होता. परत फिरावं असं केव्हापासून मनात घोळत होतं, पण जीभ रेटेना. आपणच आणलेली उशी आपल्याच खुर्चीला? छे.

तेवढ्यात ताईंचा पाय घसरला. मागच्या टायपिस्टने दंड धरला म्हणून त्या वाचल्या.

"काही नाही झालं, चला पुढे," ताई म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"परत फिरायचंय का, ताई?" कप्तानांनी विचारलं.

"आणि अजून एक वर्ष ती उशी? नको." त्यांना धाप लागली होती. "तुमचा गुडघा लटपटतोय, मागून दिसतंय मला. तुम्ही का नाही परत फिरत? तुम्हालाही दरीपेक्षा लोकांच्या हसण्याचीच भीती जास्त. आत्ता मी खाली गेले असते, कप्तान. माझ्या मुलीला काय सांगितलं असतंत? गंमत चालली होती म्हणून?"

ती उशी बांधताना आपण किती खूश होतो ते कप्तानांना आठवलं, आणि स्वतःची फार लाज वाटली.

"मला भीती वाटतेय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी परत फिरतोय. चला सगळे मागे!"

कुणी हसलं नाही. "बरं झालं बाबा, कुणीतरी बोललं," टायपिस्ट पुटपुटला. बसत, सरकत सगळे माघारी निघाले.

सोमवारी कप्तानांनी ताईंच्या खुर्चीची उशी सोडली आणि आपल्या खुर्चीला बांधली.

"कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"मऊ आहे," ते टेकून बसत म्हणाले. "तुम्हाला मात्र वर्षभर टोचली असणार."

वाचकहो, परत फिरणाऱ्याला हसण्याआधी जरा विचार करा. पुढच्या खेपेला तो त्या हसण्याला भिऊन पुढे जाईल, आणि तिथे दंड धरायला कुणी असेलच असं नाही.