चार नंबरचा वाकलेला ओठ

मित्रांनो, मी मॅगझिन आहे. पण मला उघडून आत कोडी आणि रंगीत चित्रे शोधू नका. त्या छापील मॅगझिनशी माझे नाव जुळते, कूळ जुळत नाही. मी नेमबाजीच्या रायफलीत बसणारा, वीतभर उंचीचा, किंचित बाक असलेला काडतुसांचा डबा आहे. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. ती काडतुसांना खालून वर ढकलते. माझ्या तोंडाशी दोन ओठ आहेत. ते काडतुसांना अडवून धरतात आणि रायफलीने मागितले की एका वेळी एकच सोडतात. शाळा सुटल्यावर दारात उभ्या राहून मुलांना एकेक करून बाहेर सोडणाऱ्या बाई असतात ना, तेच काम माझ्या ओठांचे. दोघे एकदम सुटले की दारात चेंगराचेंगरी होते आणि रायफल अडून बसते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तेथे दोन भावंडे काम करत. धाकटा भाऊ साचे बनवायचा, म्हणून त्याला सगळे साचेबुवा म्हणत. थोरली बहीण चाचणीच्या खोलीत बसे. भावाने जे घडवले ते मोडते का ते पाहायचे, हीच तिची नोकरी. तिला कारखान्यात तोडफोडताई हे नाव पडले होते आणि ती त्या नावाला खुशाल ओ देई. गंमत म्हणजे तिच्या घरातले तीस वर्षांपूर्वीचे सहाच्या सहा कप अजून शाबूत होते.

साचेबुवाने आधी नुसत्या प्लॅस्टिकची मॅगझिने काढली होती. हलकी, स्वस्त, गंजाची भीती नाही. पण त्याच्या मनाला काही ते पटेना. मग त्याने पातळ पोलादी पत्र्याचा सांगाडा केला, तो साच्यात उभा केला आणि त्यावर वितळलेले प्लॅस्टिक सोडले. साचा उघडला तेव्हा वाफाळत बाहेर आलो तो मी. वरून काळाभोर, गुळगुळीत, आणि आत पोलादाची हाडे! साचेबुवाने मला तळहातावर घेतले, दोनदा उलटसुलट केले आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘४’ असा आकडा काढला.

त्याच दिवशी नुसत्या प्लॅस्टिकच्या एका डब्यावर ‘९’ हा आकडा पडला. आम्हा दोघांना एकाच ट्रेमधून चाचणीच्या खोलीत नेले.

“हा बघ ताई,” साचेबुवा म्हणाला, “याला काही होणार नाही. नुसतं प्लॅस्टिक म्हणजे शेवटी बादलीच की गं.”

“बादली फुटली की निदान गळते तरी,” ताई चष्मा पुसत म्हणाली. “फुटली हे कळतं आपल्याला. ठेव इथं.”

मित्रांनो, पुढचे सहा महिने आमचे काय काय झाले ते ऐकाल तर तुम्हाला आमची कीव येईल. ताईने आमच्या पोटात नकली काडतुसे ठासून भरली. नकली म्हणजे पितळेचीच, पण आत दारू नाही, त्यामुळे धोका नाही. तशीच भरलेली पोटे घेऊन आम्ही फळीवर बसलो. उन्हात तापलेल्या बंद गाडीत बसलो. वाळूत लोळलो. चिखलात बुडालो आणि नळाखाली अंघोळ करून पुन्हा बुडालो. सहा महिन्यांनी ताईने गेज काढले. गेज म्हणजे एक छोटी पोलादी पट्टी. ओठांमधले अंतर बरोबर आहे की नाही ते तिच्यावरून कळते. सततच्या दाबाने नऊ नंबरचे ओठ केसभर फाकले होते. माझे होते तिथेच होते.

साचेबुवा आनंदाने टेबलावर तबला वाजवू लागला. “बोललो होतो की नाही?”

“बोललास बाबा,” ताईने हसून वहीत लिहिले. “पोलादानं इथं बाजी मारली.”

मी फुशारून गेलो. मधल्या सुट्टीत कारखान्यातली माणसे मला बघायला येत, बोटांनी ठोकून पाहत आणि “वा! दणकट आहे हं,” म्हणत. नऊ नंबरकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

मग आली शेवटची परीक्षा. ताईने आम्हा दोघांना रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवले आणि सकाळी खांद्याइतक्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर सोडले. मुद्दाम ओठांवर पडू असे सोडले, कारण माणसाच्या हातून वस्तू नेमकी नको तशीच पडते. आधी नऊ नंबर पडला. टक् असा आवाज झाला आणि त्याच्या एका ओठाचा टवका उडून कपाटाखाली गेला. मग मी पडलो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी माझ्या उजव्या ओठात कळ गेली. आतले पोलाद किंचित वाकले होते, आणि वाकलेले पोलाद आपणहून सरळ होत नाही. पण वरचे प्लॅस्टिक तेवढे ताणले गेले, पुन्हा नीट बसले आणि त्याने सगळे झाकून टाकले. ओरखडासुद्धा दिसत नव्हता.

साचेबुवाने मला उचलून खिडकीपाशी उजेडात धरले. “एक रेघ नाही! ताई, एक रेघसुद्धा नाही!”

सगळे टाळ्या वाजवू लागले. आता खरे सांगतो. मला दुखत होते. पण इतके कौतुक चालले असताना कोण म्हणेल की मला लागले आहे? मला बोलता आले असते, तरी त्या क्षणी मी गप्पच बसलो असतो.

ताईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने मला चाचणीच्या रायफलीत बसवले आणि नकली काडतुसे एकामागून एक ओढून काढू लागली. शंभर झाली, दोनशे झाली. दोनशे एकाहत्तरावे काडतूस तिरके आले आणि अडकले. तिने ते काढले आणि पुढे चालू ठेवले. तीनशेपर्यंत पुन्हा काही अडले नाही.

“तीनशेत एकदा?” साचेबुवा म्हणाला. “तुझा हात दुखायला लागला असेल.”

“असेल,” ताई म्हणाली. पण मग तिने गेज लावले. ते उजवीकडे जरासे अडखळत बसले. तिने ओठावरून तीन वेळा बोट फिरवले. “हा आतून वाकलाय.”

“वरून तर धड आहे!”

“तेच तर म्हणतेय मी.”

इथे, मित्रांनो, गोष्ट जरा अवघड झाली. साचेबुवाला एकच मुलगी होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि रायफल हातात घेतली की तिची पापणीसुद्धा हलत नसे. आठ दिवसांनी तिची मोठी स्पर्धा होती. साठ सेकंदांत दहा गोळ्या. पाच झाल्या की मॅगझिन बदलायचे आणि उरलेल्या पाच. मध्ये काही अडले तर ते आपणच सोडवायचे. घड्याळ थांबत नाही. साचेबुवाच्या मनात होते की सगळ्या परीक्षा पास झालेला हा चार नंबर लेकीच्या हातात द्यायचा. तसे त्याने घरी सांगूनही टाकले होते.

त्याच संध्याकाळी भिंगरी मला न्यायला आली.

“आत्या, बाबांचा हीरो कुठाय?”

“हा नको नेऊस,” ताई म्हणाली.

साचेबुवाचा चेहरा पडला. “ताई, मी केलेलं सगळ्यांसमोर मोड, माझी काही हरकत नाही. पण माझ्या मुलीसमोर? एकदा अडकलं म्हणून?”

“त्या एकदाला तिचं घड्याळ चालू असलं तर?”

भिंगरी एकदा बापाकडे बघे, एकदा आत्याकडे. साचेबुवा ताडकन उठला, मला उचलले आणि बाहेर पडला. मला वाटले, आता हा मला खिशात घालून घरी नेणार. पण तो आपल्या टेबलाशी गेला. त्याने मला शिकंज्यात घट्ट बसवले, धारदार पाते घेतले आणि माझ्या उजव्या ओठावरचे प्लॅस्टिक सोलायला सुरुवात केली. स्वतः घडवलेली वस्तू कापताना माणसाचा हात कसा चालतो, ते मी जवळून पाहिले. सावकाश चालतो. प्लॅस्टिक सुटले आणि आतले पोलाद उघडे पडले. मुडपलेल्या पानासारखा त्याचा कोपरा आत वळला होता.

साचेबुवाने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. मग तो मला घेऊन परत आला आणि बहिणीच्या समोर ठेवत म्हणाला, “वाकलाय. माझ्यापेक्षा तुझं बोट शहाणं आहे.”

“तुझं पोलाद वाईट नाही रे,” ताई म्हणाली. “सहा महिन्यांच्या दाबानं ते हललं नाही. फक्त त्याला लागलं तर दिसत नाही. नऊ नंबरला लागलं की टवका उडतो, मग आंधळ्यालाही कळतं. तुझा हा सोसतो आणि लपवतो.”

“मग झाकायचंच कशाला?” भिंगरी मध्येच म्हणाली. “ओठांवरचं पोलाद उघडंच ठेवा ना. वाकलं की दिसेल.”

दोघांनी एकदम वळून तिच्याकडे पाहिले. मग साचेबुवा इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या खोलीतला हिशेबनीस दारात येऊन डोकावून गेला.

नवा साचा आठ दिवसांत होणार नव्हता. म्हणून ताईने माझ्यासारखीच, पण कधीही न पडलेली दोन मॅगझिने गेज लावून भिंगरीला दिली आणि जादा म्हणून नुसत्या प्लॅस्टिकचे एक ताजे मॅगझिन दिले. मला तिने आपल्या पिशवीत टाकले. भेटेल त्याला माझा सोललेला ओठ दाखवायची तिला आता सवयच लागली होती. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी मीही हजर होतो.

घंटा झाली. पहिल्या पाच गोळ्या सुरेख गेल्या. भिंगरीने रिकामे मॅगझिन काढले, दुसऱ्याला हात घातला आणि ते तिच्या घामेजल्या बोटांतून निसटून सिमेंटवर पडले. तिने खाली पाहिले. ते तिच्या गुडघ्याशीच होते. वरून अगदी धड. उचलून बसवायला दोन सेकंद पुरले असते.

तिने ते उचलले नाही. मागे वळून आपल्या पिशवीची चेन उघडली आणि जादाचे मॅगझिन काढले. साचेबुवाने डोळे मिटून घेतले. ताईने मला पिशवीतल्या पिशवीत इतके घट्ट धरले की माझी स्प्रिंगसुद्धा कुरकुरली. उरलेल्या पाच गोळ्या तिला घाईत माराव्या लागल्या. दहावी गोळी सुटली आणि लगेच घंटा झाली.

दोन गुणांनी भिंगरीचा पहिला नंबर गेला. दुसरा आला.

तिघेही बाकावर बसले. ताईने पडलेल्या मॅगझिनला गेज लावले, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग ती कसनुसे हसली. “काही झालं नव्हतं गं याला. एकदम ठणठणीत आहे.”

“बघा!” साचेबुवा उसळून म्हणाला. “माझं पोलाद!” आणि लगेच जीभ चावून लेकीकडे पाहू लागला. “म्हणजे... पहिला नंबर आला असता.”

“आला असता,” भिंगरी म्हणाली. तिने पदक गळ्यातून काढून बापाच्या गळ्यात घातले. “पण तेव्हा मला कुठं माहीत होतं, बाबा? आता चहा पाजा.”

आता तो नवा साचा तयार होऊन बरीच वर्षे झाली. त्यातून निघणाऱ्या मॅगझिनचे अंग प्लॅस्टिकचे असते आणि ओठ उघड्या पोलादाचे. भावंडे अजून भांडतात. प्लॅस्टिकचे अंग किती जाड असावे यावर गेल्या आठवड्यात दोन दिवस अबोला होता. मी आणि नऊ नंबर चाचणीच्या खोलीत एकाच फळीवर बसतो. कारखाना बघायला शाळेतली मुले आली की ताई आम्हा दोघांना त्यांच्या हातात देते. त्याचा उडालेला टवका मुलांना लगेच दिसतो. माझ्या सोललेल्या ओठावरून मात्र ती हळूच बोट फिरवतात आणि म्हणतात, “अय्या, याला आत लागलं होतं!”

हो, लागले होते. म्हणून तुम्हाला एकच विनंती करतो. तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, तर ती पुसून गुपचूप जागेवर ठेवू नका. कोणाला तरी सांगा, नीट तपासून घ्या. आणि मित्रांनो, कधी तुम्ही स्वतःच पडलात, भोवती सगळे “किती शूर आहे!” म्हणून टाळ्या वाजवत असले आणि तुम्हाला आत कुठेतरी दुखत असले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.