मामाची शेवटची आवृत्ती

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. मी शिलाईकाम करायचे. थोरली घरूनच एका कंपनीचं काम करायची. लहान मुलाला वजनाप्रमाणे किती औषध द्यायचं, ते दवाखान्याला सांगणारा प्रोग्राम ती लिहायची.

मला अक्षरं साठीत आली, तीही तिनंच शिकवली. पॅकेज म्हणजे काय, तेही तिच्याकडूनच कळलं. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे जगाच्या सामाईक कोठारात असतात. दर वेळी तिथून नवा आणायचा, नाहीतर एकदा पारखून त्याची प्रत आपल्याकडे ठेवायची. थोरली प्रत ठेवायची. मला ते पटायचं. एका कपड्याला लागेल तेवढा दोरा मी एकदमच आणते. मागाहून आणलेल्या रिळाचा रंग हमखास वेगळा निघतो.

त्यातलं एक पॅकेज माझ्या भावाचं होतं. अंथरूण धरल्यावर त्यानं ते एका परक्या माणसाकडे सोपवलं. त्या माणसानं नवी आवृत्ती काढली, तिच्यात अडीचचे तीन व्हायचे. थोरलीनं ते तपासताना पकडलं आणि मामाच्या शेवटच्या आवृत्तीचीच प्रत ठेवली.

तिच्या कंपनीतल्या नव्या साहेबांचा फोन आला, तेव्हा तो स्पीकरवर होता आणि मी शेजारीच काजं करत बसले होते.

“घरात अडगळ साठवू नका. सगळं कोठारातून ताजं येऊ दे.”

“ताज्यात अडीचचे तीन होतात, साहेब.”

“कळवा त्यांना, करतील दुरुस्त.”

“तोवर पोरांना जास्त औषध पाजायचं?”

“अहो, तुमचे मामा काही आता उठून बसत नाहीत. जुन्या कोडला भोकं पडली तर ठिगळं कोण लावणार?”

माझी सुई थांबली.

“शिवणारणीची लेक आहे मी. लावीन.”

“उद्यापर्यंत प्रती पुसा, नाहीतर दुसरी नोकरी बघा.”

“नोकरी तुमची आहे, काढा मला. पण पुसायला माझा हात लागणार नाही. तुम्हीच पुसा, आणि कोणी पुसलं ते नावानिशी लिहा.”

साहेबांनी फोन आपटला.

“बहिणीचं लग्न तोंडावर आलंय,” मी म्हटलं.

“मग मागू माफी?”

“मागून तर बघ! तंगडं मोडीन.”

भावाला सांगितलं, तर तो पडल्या पडल्या हसला. “मामावर गेलीय कार्टी.”

साहेबांनी नाव लिहिलं नाही, प्रतीही पुसल्या नाहीत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात थोरलीला मात्र काढलं. काम सोडताना तिनं प्रत्येक प्रतीत ती का ठेवली ते लिहिलं, आणि मान वर करून लग्नाच्या तयारीला लागली.

माझा भाऊ लग्नानंतरच्या गुरुवारी सकाळी वारला.