तेविसाव्यांदा रचलेलं कोल्ड स्टोअर

गंगेवर हात ठेवून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी रामकुंडात पडो आणि परत सापडू नये. चार लोकांत उभी राहून, मोठ्यानं सांगेन. ऐका आता.

पिंपळगाव बसवंतची हर्षाली गंगापूर रोडला दोन खोल्यांत राहायची आणि सव्वा वर्षापासून एक कोल्ड स्टोअर बांधत होती. विटांचं नाय. कंप्युटरवर तो गोळीबाराचा खेळ असतो ना, पाच जण इकडून, पाच जण तिकडून, सगळे आपापल्या घरी बसून एकमेकांना टिपतात, त्याला मैदान लागतं. मॅप म्हणतात त्याला. तो कोणाला तरी बसून बांधावा लागतो. हर्षालीनं आपल्या गावचं द्राक्षांचं पॅकहाऊसच बांधलं होतं. पुढं हायवे, मागं बाग, मधे कोल्ड स्टोअर. लाल टीम हायवेकडून येणार, निळी बागेकडून. कोल्ड स्टोअर ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

आणि दरवेळी निळेच जिंकायचे. सोळा डावांतले तेरा निळ्यांचे. हर्षालीनं दार सरकवलं, आवारात ट्रॅक्टर आडवा लावला, भिंत वाढवली, पाडली, परत वाढवली. बावीस वेळा मॅप बदलला. कंप्युटरचा पंखा असा घरघरायचा, की खालच्या मजल्यावरचे सावळीरामतात्या वर येऊन विचारून गेले, "पोरी, गिरणी टाकली का? माझी पाच किलो बाजरी हाय."

मालेगावचा काळू दरवेळी लाल टीमकडून खेळून बघायचा आणि नंतर एकच ओळ लिहायचा. मागच्यांना भिंतीतून दिसतंय. बावीस वेळा तेच. हर्षालीनं बावीस वेळा भिंती तपासल्या होत्या. भिंतींना भोक नव्हतं. काळूला हरणं पचत नाय, असं म्हणून तिनं त्याचं वाचणंच सोडलं होतं.

शनिवारी दुपारी तेजलचा फोन आला. या खेळाच्या सामन्यांची लीग भरवते ती, कुठल्या मॅपवर खेळायचं ते तीच ठरवते.

"ताई, उद्या चारला शेवटची टेस्ट. उद्याही निळेच आले तर मी जुना मॅप घेणार. माझा नाइलाज आहे."

"आणि माझ्या मॅपचं?"

"पुढच्या वर्षी बघू ना."

"पुढच्या वर्षी मी नसेन गं यात," हर्षाली म्हणाली. रागानं नाय. रागाला पण अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा? पाठीचा दगड झालेला, डोळ्यांत कचकच. बंद करावं आणि भिंतीकडं तोंड करून पडावं, एवढंच तिला सुचत होतं.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. धोंडाबाई. पॅकहाऊसमधे बावीस सीझन बायकांची मुकादम होती ती. गुडघे गेले तशी भाचीकडं येऊन राहिली. कॉलेजात असताना हर्षालीनं पण चार सीझन तिच्या हाताखाली पेट्यांच्या थप्प्या लावल्या होत्या. धोंडाबाईनं सव्वा वर्षात त्या पडद्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. आज बघितलं, कारण कप ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

"हे आपलं कोल्ड स्टोअर का गं?"

"हो."

"माणसं बंदुका घेऊन काय करत्यात तिथं?"

"मरतात. तू चहा ठेव."

धोंडाबाईनं चष्मा पुसला, वाकून बघितलं. "बाकी तुझं मला काय कळत नाय. पण थप्प्या झ्याक लावल्यात. चार बोटं फट, सगळ्या पंख्याच्या रेषेत. वारं कसं मोकळं खेळतंय बघ. विसरली नायस."

हर्षालीनं कप खाली ठेवला.

मग तिनं पडद्यावरचा आपला शिपाई उचलला आणि मागच्या भिंतीपाशी, पंख्याखाली नेऊन उभा केला. तिथून समोर बघितलं. थप्प्यांमधल्या फटीतून पार हायवेकडचं दार दिसत होतं. दारात ऊन. येणारा उन्हात, बघणारा अंधारात. निळा गडी तिथं बसला की दारातून आत येणारा प्रत्येक लाल आयता मिळायचा. भिंतीत काहीच नव्हतं. जे होतं ते तिच्या हातांच्या सवयीत होतं. पेट्या चिकटून लावल्या तर माल गरम होतो, सडतो, हे चार सीझन तिच्या बोटांनी ऐकलं होतं. बोटांनी मॅपमधे पण तेच केलं. डोक्याला विचारलंच नाय.

"मावशे, फटी बुजवाव्या लागतील."

"अगं, माल जाईल."

"माल कुठंय यात? रिकाम्या पेट्या आहेत."

धोंडाबाईनं चष्मा काढून ठेवला. "मग लाव चिकटून. पण मी नाय बघणार." आणि खरंच तोंड फिरवून बसली बाई.

दोनशे बारा थप्प्या होत्या. हर्षालीनं एकेक सरकवली. प्रत्येक वेळी हात अडायचा, काहीतरी चुकतंय असं वाटायचं. रविवारी दुपारी शेवटची थप्पी चिकटली, तेव्हा चाराला दहा कमी होते.

टेस्ट झाली. सोळा डाव. आठ लाल, आठ निळे. तेजलनं मॅप लीगच्या यादीत टाकला. आणि काळूनं पहिल्यांदाच वेगळी ओळ लिहिली. ताई, झकास झालाय, दमली असशील, झोप आता. हर्षालीनं ती दोनदा वाचली, कंप्युटर बंद केला आणि तिथंच चटईवर आडवी झाली. धोंडाबाईनं अंगावर चादर टाकली.

आता माझ्याकडं असं बघू नका. बरं, एक सांगते. काळूनं काही लिहिलं नव्हतं. मॅप चांगला झाल्यावर कोण कोणाला लिहितं? तक्रार नाय आली, तेवढंच. पण सव्वा वर्ष राबलेल्या पोरीला कोणीतरी झोप म्हणायला पाहिजे होतं, म्हणून ती ओळ मी घातली. झोपली मात्र ती खरंच. मंगळवारपर्यंत.